काटा असतो, अक्कल असते, तरी इंधन संपून विमानं पडतात कशी?

संगमकाठ (सोमवार, रात्री ९:१२)

नमस्कार मंडळी. इथं वाचतोय बरीच वर्षं, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मी कराडचा. थोरली लेक वैमानिक व्हायला शिकतेय. दोन महिन्यांपासून एकटीनं विमान नेते. ती उडायला लागली आणि मी अपघातांचे अहवाल वाचायला लागलो. घरातली म्हणते, नका वाचू, झोप उडेल. पण न वाचताही झोप लागत नाहीच, मग वाचलेलं बरं.

इंजिन फुटलं, वादळात सापडलं, पक्षी धडकला, हे समजतं. एक प्रकार मात्र काही केल्या गळी उतरत नाही. धडधाकट विमान, स्वच्छ हवा, भरदिवस, हाताशी अनुभव, आणि टाकी कोरडी. इंजिन बंद. विमान शेतात नाहीतर झाडांत. पुढच्या पानावर ओळ असते की टाक्यांत वापरण्याजोगं इंधन सापडलं नाही.

माझ्या मोटारसायकलचा काटा खाली आला की मी कोल्हापूर नाक्यावर पंप गाठतो. मग हजारो फुटांवर असलेल्या माणसाला ते का सुचत नाही? जाणकारांनी सांगावं. आणि बाप म्हणून मी तिला नेमकं काय विचारावं, तेही सांगावं.

खोडवा (सोमवार, रात्री ९:३१)

काका, आमचा ट्रॅक्टर दोनदा असाच उभा राहिलाय. डिझेल संपलं, लाइनीनं एअर धरली, मग पाना घेऊन नट ढिला करून हवा काढत बसायचं. दोन्ही वेळेला मला ठावं होतं डिझेल कमी हाय. वाटलं, एवढं चार सरी मारून होईल. ते "एवढं चार सरी"च नडतं बघा.

सरळमार्गी (सोमवार, रात्री ९:४०)

यात समजून घेण्यासारखं काय आहे? हा शुद्ध निष्काळजीपणा. परवाना कायमचा काढून घ्या, आपोआप टाक्या भरतील.

जुना फिटर (सोमवार, रात्री १०:०५)

संगमकाठ, मी हवाई दलात विमानांवर फिटर होतो. आता सांगलीत निवांत आहे. काट्याचं आधी सांगतो, कारण गैरसमज तिथंच सुरू होतो.

छोट्या विमानाची टाकी पंखात असते. रुंद, लांब आणि उथळ, परातीसारखी. आत तारेच्या टोकाला तरंगणारा गोळा, तो खालीवर झाला की काटा हलतो. आता परातीत दोन बोटं पाणी घ्या आणि परात जरा तिरकी करा. काय होतं? विमान वळलं, नाक वर झालं, हवेनं हेलकावा दिला की काटा नाचतो. बरीच शिकाऊ विमानं तीस-चाळीस वर्षांची आहेत, त्यांच्या काट्याला मी कधीच शब्दाचा पक्का मानला नाही. म्हणून उड्डाणाआधी टाकीचं झाकण उघडून काडी घालायची. आपण डिझेल इंजिनाच्या टाकीत काठी घालून बघायचो, तसंच. त्या काडीवर खुणा असतात. ओलं कुठवर आलं ते बघायचं. आणि लगेच बघायचं, कारण ते पेट्रोल आहे, खूण डोळ्यांदेखत वाळत जाते.

दुसरं म्हणजे टाकीत असलेलं सगळं इंधन वापरता येत नाही. बजाजची स्कूटर बंद पडली की आडवी करून परत चालू करायचो, आठवतं? तळाला थोडं राहिलेलं असायचं. विमानातही तळाचं थोडं इंधन नळीपर्यंत पोचेल याची खात्री नसते. सेसना १५२ या छोट्या शिकाऊ विमानाच्या दोन टाक्यांत मिळून ९८ लिटर मावतं, पण हिशोबात धरायचं साधारण ९२-९३. जो ९८ धरतो तो पाच-सहा लिटर हवेत मोजतो.

बेदाणा (सोमवार, रात्री १०:२२)

फिटरकाका, मग गाडीसारखा रिझर्व्ह का नाही ठेवत? कॉक फिरवला की अजून पंचवीस-तीस किलोमीटर.

जुना फिटर (सोमवार, रात्री १०:३४)

कॉक असतो की. त्याचं काम मात्र वेगळं. सेसना १७२ ला डावी, उजवी आणि दोन्ही अशा जागा असतात. पायपरसारख्या खाली पंख असलेल्या बऱ्याच विमानांत "दोन्ही" नसतंच, वैमानिकानं आठवणीनं टाकी बदलायची. न बदलल्यामुळे एका टाकीत इंधन असताना इंजिन बंद पडल्याचे प्रकार आहेत. ही वेगळी जात. इंधन संपणं वेगळं आणि इंधन असून इंजिनाला न मिळणं वेगळं. अहवालातही दोन्ही वेगळे मांडतात.

गायक जॉन डेन्व्हर १९९७ मध्ये गेला तो या दुसऱ्या प्रकारात. लाँग-ईझी जातीचं घरगुती बांधणीचं विमान होतं. मूळ आराखड्यात कॉक पुढं, पायांच्या मध्ये होता. बांधणाऱ्यानं तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागं नेला. फिरवायला मागं वळावं लागे, आणि अंग तसं वळलं की उजवा पाय आपोआप दिशा बदलायचं पेडल दाबतो. निघण्याआधी इंधन घेता का विचारलं होतं, त्यानं नको म्हटलं.

तंबोरा (मंगळवार, सकाळी ७:१८)

मी मिरजेचा, सध्या अमेरिकेत. हौस म्हणून भाड्याचं विमान उडवतो. सरळमार्गी, तुमचा राग समजतो, पण आकडे वेगळं सांगतात. इथल्या तपास संस्थेनं, एनटीएसबीनं, २०११ ते २०१५ चे अपघात तपासले. इंधनाच्या हिशोबातून होणारे अपघात वर्षाला सरासरी पन्नासहून जास्त. त्यातल्या निम्म्याच्या आसपास वैमानिकांकडे व्यावसायिक किंवा त्याहून वरचा परवाना होता. शिकाऊ किती? शंभरात दोन. बहुतेक अपघात दिवसाउजेडी, चांगल्या हवेत. म्हणजे काका, तुमची लेक आत्ता घाबरून प्रत्येक गोष्ट तपासते, तोवर ती त्या मानानं सुरक्षित आहे. धोका पुढं, सवय झाल्यावर.

आता माझं. चार वर्षांपूर्वी ५५५ किलोमीटरचा प्रवास, सेसना १७२. बरोबर दोघं आणि सामान, म्हणून वजनासाठी टाक्या पूर्ण भरल्या नाहीत. काडीनं मोजलं, वापरण्याजोगं १२१ लिटर. ताशी २०४ किलोमीटर धरलं तर पावणेतीन तास, ताशी ३२ लिटरनं ८८ लिटर. म्हणजे तासभराचं इंधन शिल्लक. इथला नियम दिवसा अर्ध्या तासाचा, रात्री पाऊण तासाचा. मी खुशीत होतो.

वर गेलो तर समोरून ताशी ४७ किलोमीटरचा वारा. जमिनीवरचा वेग १५७ वर आला. पावणेतीन तासांचे साडेतीन तास झाले. वर एक चूक माझी. उंचीवर हवा विरळ होते, तसं इंजिनाला जाणारं पेट्रोल हातानं कमी करायचं असतं. गप्पांच्या नादात मी ते नीट केलं नाही. ताशी ३२ ऐवजी ३६ लिटर जात होतं. गुणाकार करून बघा: १२७ लिटर लागणार, टाकीत १२१.

दोन तास होऊन गेले तेव्हा पोटात गोळा आला. तरी खरं सांगतो, पहिला विचार "उतरू" असा नव्हता. पहिला विचार होता, तिथं कार घेऊन मित्र थांबलाय, त्याला उशीर होईल. दुसरा विचार, काटा तर पाव टाकीच्या वर दिसतोय. तिसरा, वारा पुढं पडेल. हे तीन विचार करण्यात वीस मिनिटं गेली. मग मागं बसलेल्या बायकोनं विचारलं, "तू सारखा त्या काट्याकडं का बघतोयस?" आणि मी पहिली धावपट्टी दिसली तिथं उतरलो. काडी घातली. ३७ लिटर. राहिलेल्या १८९ किलोमीटरला ४३ लागले असते. पोचायच्या दहा मिनिटं आधी इंजिन थांबलं असतं, आणि तिथं खाली जंगल आहे.

पंपावर इंधन भरताना माझा हात इतका थरथरत होता की नळी टाकीच्या तोंडात बसेना.

गणिताच्या बाई (मंगळवार, सकाळी ८:०२)

तंबोरा, वाचून अंगावर काटा आला. आठवीच्या वर्गाला आज काळ-काम-वेगाचं गणित म्हणून हेच घालते. उत्तर काढल्यावर मुलांना सांगेन की हे खरं घडलंय. तुमच्या बायकोला नमस्कार सांगा.

वजनकाटा (मंगळवार, सकाळी ११:४५)

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर असतो. मोजणं बरोबर असून हिशोब चुकतो तो प्रकार कुणी सांगितला नाही म्हणून लिहितो. विमान छोटं नाही, मोठं बोइंग ७६७ आहे, पण गोष्ट काडीचीच.

२३ जुलै १९८३, एअर कॅनडा. विमानाचा इंधनकाटा बंद होता म्हणून काडीनं मोजलं. काडी बरोबर होती. लिटरही बरोबर. लिटरचं वजन करताना १.७७ नं गुणलं, त्यानं येतात पौंड. किलो हवे असतील तर ०.८ नं गुणायचं. कॅनडा तेव्हा पौंडावरून किलोवर येत होता. हवं होतं २२,३०० किलो, भरलं गेलं २२,३०० पौंड, म्हणजे निम्म्याहून कमी. ४१,००० फुटांवर इंधनाचा इशारा आला आणि थोड्या वेळात एकामागून एक दोन्ही इंजिनं गेली. कॅप्टन पिअर्सननी ते गिमलीच्या जुन्या हवाई तळावर तरंगत उतरवलं. तिथं त्या दिवशी गाड्यांच्या शर्यती चालल्या होत्या. ६९ जण होते, सगळे वाचले.

आमच्याकडं मळी टँकरमध्ये भरताना आकड्यापुढं किलो की लिटर हे लिहिल्याशिवाय मी पावतीवर सही करत नाही. माणसं वैतागतात. वैतागू देत.

बेदाणा (मंगळवार, दुपारी १२:१०)

आपल्याकडं पण झालंय हो. १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं एअरबस तिरुपतीजवळ भातशेतात उतरलं होतं. वडील पेपरातला फोटो दाखवायचे.

जुना फिटर (मंगळवार, दुपारी १२:५०)

बरोबर, नोव्हेंबर १९९३, मद्रासहून हैदराबादला निघालेलं. हैदराबादला नीट दिसेना म्हणून परत वर गेले, तेव्हा पंखाचे फ्लॅप, म्हणजे उतरताना बाहेर काढतात त्या पट्ट्या, आत जाईनात. फ्लॅप बाहेर ठेवून मद्रासला परत निघाले. हँडब्रेक ओढून गाडी चालवल्यासारखं, इंधन भसाभसा जातं. वाटेत संपलं. अडीचशेहून जास्त माणसं, सगळी वाचली. छोट्या विमानालाही हा धडा लागू आहे: काहीही बिघडलं की इंधनाचा हिशोब पहिल्यापासून नवा करायचा, जुना आकडा सोडून द्यायचा.

खोडवा (मंगळवार, दुपारी १:२०)

विषयांतर माफ करा, पण कराडची धावपट्टी कोयनेच्या धरणासाठी केलेली म्हणतात, खरं का? आजोबा सांगायचे, विमान आलं की सगळं गाव कामं टाकून बघायला पळायचं.

संगमकाठ (मंगळवार, दुपारी १:४४)

खरं आहे. १९५५ च्या सुमाराची, कोयना प्रकल्पासाठीच. आमचे अण्णा सायकलवरून बघायला जायचे. आता त्यांची पणती विमान उडवते, हे बघायला ते हवे होते.

कृष्णामाई (मंगळवार, दुपारी २:०५)

आणि आमच्या सांगलीची कवलापूरची धावपट्टी वर्षानुवर्षं नुसती पडून. किती निवेदनं दिली लोकांनी. असो, वेगळा धागा काढते.

सरळमार्गी (मंगळवार, दुपारी ३:३०)

तंबोरा, तुमचं वाचून मी सकाळपासून विचार करतोय. शब्द मागे घेतो असं नाही, निष्काळजीपणा तो आहेच. पण शिक्षेनं सुटेल असं आता वाटत नाही. तुम्ही उतरलात तरी ही गोष्ट चार वर्षं कुणाला सांगितली होती का?

तंबोरा (मंगळवार, संध्याकाळी ५:५२)

नाही. इथं पहिल्यांदा लिहिली. ज्याच्याकडून विमान भाड्यानं घेतो त्यालाही नाही सांगितलं.

गणिताच्या बाई (मंगळवार, संध्याकाळी ६:३०)

हीच ती भीड. भीड भिकेची बहीण म्हणतात, इथं तर जिवावर येते.

२५ जानेवारी १९९०, अ‍ॅविआंका ५२, न्यूयॉर्कला येत होतं. खराब हवेमुळे तीन वेळा मिळून सव्वा तासाहून जास्त आकाशात घिरट्या घालायला लावल्या. वैमानिकांनी इंधन कमी होतंय, आम्हाला आधी घ्या, असं सांगितलं. पण आणीबाणी हा शब्द उच्चारला नाही. पहिला प्रयत्न फसला, दुसऱ्यासाठी फिरताना इंजिनं थांबली आणि विमान टेकडीवर पडलं. ७३ माणसं गेली. आग लागली नाही, कारण जळायला काही उरलंच नव्हतं.

आता यासाठी ठरलेले शब्द आहेत, तीनदा मेडे आणि मग फ्युएल. माझ्या वर्गातल्या मुली पोटात दुखत असलं तरी "बाई, जरा बरं नाही" एवढंच म्हणतात. संगमकाठ, तुमच्या लेकीकडून तो शब्द मोठ्यानं म्हणवून घ्या. घरात, आरशासमोर, दहा वेळा. जिभेला सवय लागते.

शिकाऊ (मंगळवार, रात्री ८:१५)

मी पण ट्रेनिंगला आहे, शंभर तास झालेत. एक मुद्दा वेगळा मांडते. नव्या १७२ मध्ये टाकीत साधारण १९ लिटरच्या खाली गेलं की दिवा लागतो. असे दिवे आणि इंधन मोजणारी यंत्रं सगळ्या जुन्या विमानांना सक्तीची केली तर अर्धा प्रश्न सुटेल. सगळं शिस्तीवर टाकणं मला पटत नाही. माणूस थकतो.

जुना फिटर (मंगळवार, रात्री ८:४०)

बेटा, दिवा हवाच, मी विरोधात नाही. पण ते यंत्र इंजिनाकडं किती गेलं ते मोजतं. टाकीत मुळात किती होतं ते तूच त्याला सांगतेस. झाकण नीट बसलं नसेल तर पंखावरून वाहणारी हवा पेट्रोल ओढून बाहेर फेकते, ते त्या यंत्राला कळत नाही. यंत्र भरलेलं दाखवत राहील. मी एकदा पंखाच्या मागच्या कडेला फिकट निळा डाग बघितला होता. शंभर-एलएल पेट्रोल निळं असतं. त्या डागावरून सैल झाकण सापडलं.

शिकाऊ (मंगळवार, रात्री ८:५१)

डागाचं माहीत नव्हतं. उद्यापासून उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारताना पंखाच्या मागच्या कडेवरून हात फिरवेन. पण दिव्याचा मुद्दा सोडत नाही हं काका.

जुना फिटर (मंगळवार, रात्री ८:५५)

सोडू नकोस.

बेदाणा (मंगळवार, रात्री ९:४०)

मी तासगावच्या बाजूचा, द्राक्षबाग आहे. विमानातलं मला काही कळत नाही, पण खालचं कळतं, म्हणून लिहितोय. शिकाऊताई आणि संगमकाठ यांच्या लेकीसाठी.

वरून द्राक्षबाग हिरवीगार गादीसारखी दिसत असेल. चुकूनही तिकडं वळू नका. पानांखाली मांडव आहे. लोखंडी अँगल, त्यावर ताणलेल्या तारा. विमान चिरून निघेल. डाळिंब ठेंगणं असतं, पण त्यालाही आता कुणी कुणी जाळ्या आणि खांब लावतात.

उभा ऊस दहा-बारा फूट. तोही वरून सपाट दिसतो. त्यापेक्षा तुटून गेलेला फड बघा, पाचटामुळे पिवळट दिसतो. सरी कुठल्या दिशेनं आहे ते बघून तिच्या लांबीनं उतरा, आडवं गेलात तर चाकं सरीत अडकून विमान पालथं होईल. सगळ्यात चांगलं रान माण-खटावकडं, ज्वारी काढल्यावर. आणि शेताच्या कडेनं विजेच्या तारा असतातच. तार दिसत नाही, खांब दिसतो. दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असं समजूनच चाला.

तंबोरा (मंगळवार, रात्री १०:३०)

बेदाणा, हे कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. इंजिन गेलं तर १७२ हजार फुटांमागे अडीच किलोमीटरच्या आसपास तरंगतं. तीन हजार फुटांवर असलात तर सात-आठ किलोमीटर आणि चार-साडेचार मिनिटं. तेवढ्यात शेत निवडायचं. बाग कुठली आणि फड कुठला हे आधीच डोळ्यांत बसलेलं हवं.

संगमकाठ (शुक्रवार, रात्री ९:०५)

तीन दिवस लिहिलं नाही. सगळा धागा तिला पाठवला होता, आणि काल प्रत्यक्ष जाऊन आलो.

सकाळी सव्वासहा. दव पडलेलं, पंख ओले. ती छोटी शिडी लावून चढली, बाहीनं झाकणाभोवतीचं पाणी पुसलं, झाकण उघडलं, काडी आत घातली. काढली आणि मला म्हणाली, "बाबा, लवकर बघा, जाईल." मी बघितलं. ओली रेघ होती आणि बघता बघता वरच्या कडेनं वाळायला लागली. फिटरसाहेब, तुम्ही लिहिलं होतं तस्सं. मग खाली उतरून तिनं टाकीच्या तळातून छोट्या पारदर्शक भांड्यात पेट्रोल घेतलं, उजेडात धरलं. निळं. तळाला पाण्याचा थेंब आहे का ते दोघांनी बघितलं. नव्हता.

तंबोरांची गोष्ट वाचून तिनं एकच गोष्ट बदलली. पायाला बांधतात त्या पाटीवर आता ती निघण्याआधीच वेळ लिहून ठेवते: अमुक वाजता, कुठंही असले तरी, खाली. काटा काय दाखवतो ते बघायचंच नाही. आणि बाईंचा शब्द तिनं गाडीत बसून माझ्यासमोर मोठ्यानं म्हटला. पहिल्या वेळी हसली, तिसऱ्या वेळी नाही हसली.

मी काय विचारू, असा माझा प्रश्न होता. तिनंच सोडवला. म्हणाली, तुम्ही विचारू नका, मी कळवत जाईन. आज सकाळी मेसेज आला: "डावी ४०, उजवी ३८. ७:५० ला खाली." सात अठ्ठेचाळीसला दुसरा आला: "उतरले."

जुना फिटर (शुक्रवार, रात्री ९:२०)

छान केलं पोरीनं. दोन्ही टाक्या अगदी सारख्या उतरत नाहीत, दोन लिटरचा फरक चालतो. तरी उद्या उजवीकडचं झाकण हातानं फिरवून बघायला सांगा, रबर वाळलंय का.

संगमकाठ (शुक्रवार, रात्री ९:२३)

सांगितलं. "बघते," म्हणाली.